घसाऱ्यावरचा हात

परवापासून एकच गोष्ट मनातून जात नाहीये. ओमने हात पुढे केला, त्याचं काही नाही. त्याच्याआधी माझा हात पुढे गेला होता.

तोरण्याच्या बुधला माचीवरून राजगडाच्या धारेवर उतरताना तो घसारा लागतो ना, तिथे. गवत वाळून पिवळं पडलेलं, मुरमावर पाय ठेवला की खडे सुटून खाली जायचे. ओम ११ वर्षांचा होता तेव्हा याच उतारावर मी त्याच्या खाली उभी राहून एकेक पाऊल सांगत त्याला उतरवलं होतं. परवा तो खाली उभा होता.

"आई, टाच रोव. टाच."

वाक्यसुद्धा माझंच.

हे गेले त्या वर्षीही मी इथे येऊन गेले होते, एकटी. तेव्हा कुणाचा हात होता? गुडघ्याचं मी घरात कुणाला बोलले नव्हते. पण हाताला कुणी सांगितलं?

पुढे धारेवर तासन् तास चाललो. दोन्हीकडे दरी, मागे बुधल्याचा सुळका, आणि समोर संजीवनी माची, कितीही चाललं तरी तेवढीच लांब. धनगराच्या घरी ताक प्यायलो. तोरण्यावर सापडलेल्या धनातून महाराजांनी मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा केला, ती गोष्ट ओम आदितीला सांगत होता. मी त्याला सांगायचे तशीच, धनाचे हंडे आले की जरा थांबून. एरवी किती बरं वाटलं असतं! परवा मात्र मी मागून चालत स्वतःच्या हाताकडे बघत होते. आदितीबद्दल आज नको.

आळू दरवाज्याची शेवटची चढण मी कुणाचाही हात न धरता चढले. मुद्दाम. वर पोचल्यावर श्वास लागला होता, पण कुणाला दाखवला नाही. संजीवनीच्या दुहेरी तटाच्या सावलीत, दोन भिंतींमधल्या त्या चिंचोळ्या गारव्यात टेकलो. ओमने पाण्याची बाटली पुढे केली, तेव्हा त्याच्या मनगटाच्या आतल्या बाजूला चार बारीक लाल चंद्रकोरी दिसल्या. माझी नखं. सकाळपासून तशीच होती.

"दुखतंय का रे?"

"काय?"

त्याने मनगटाकडे बघितलंही नाही, आदितीला चिक्की काढून दिली. मी आख्खी धार जे उरापोटी वाहून आणलं, ते त्याच्या लक्षातही नव्हतं. मला आधी रडूच आलं, मग बरंच हलकं वाटलं. इतकं घट्ट धरूनही त्याने हात सोडवून घेतला नव्हता.

पाली दरवाज्याच्या पायऱ्या रुंद आहेत, तिथे मी पुढे झाले. अंधारून यायला लागलं होतं. खाली पोचेपर्यंत दोनदा थांबून मागे बघितलं, तो नीट उतरतोय ना म्हणून.