एका पावतीत किती बिलं?

हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटाबेस आखायचं काम माझ्याकडे आलं. ग्राहक, माल, खाती, बिलं ही टेबलं दोन दिवसांत कागदावर उतरली. घोडं अडलं ते पावतीपाशी.

मी हिशेब विभागाला लेखी विचारलं होतं, "एका पावतीत किती बिलांचे पैसे येतात?" आठ दिवसांनी एका शब्दाचं उत्तर आलं: "एकाच." त्यावर विसंबून पावतीच्या टेबलात बिल क्रमांकाची फॉरिन की, म्हणजे पावतीला एकाच बिलाशी जोडणारा कॉलम, घातली. जुना डेटा भरायला घेतला आणि काहीच जुळेना. एक पावती बिलाच्या चौपट, दुसरी जेमतेम अर्धी. हिशेब विभाग म्हणे तुमचा प्रोग्रॅम चुकतोय, आणि मी रात्री बसून तोच तपासत होतो.

शेवटी जुन्या पावत्यांचा गठ्ठाच मागवला. छापील फॉर्मवर बिल क्रमांकासाठी एकच चौकोन होता. पहिल्या बिलाचा क्रमांक तिथे लिहायचा, उरलेले खाली शेऱ्यात बारीक अक्षरात. मला मिळालेलं "एकाच" हे त्या चौकोनाबद्दल होतं, व्यवहाराबद्दल नव्हतंच. रोज ज्यांच्या हाताखालून या पावत्या जात होत्या, त्यांनी एकदा शेरा वाचून उत्तर दिलं असतं तर माझे तीन आठवडे वाचले असते. तो राग अजून गेलेला नाही. म्हणून सांगतो, तोंडी किंवा लेखी उत्तरावर टेबल बांधू नका, आधी भरलेले कागद मागा.

बिल १, बिल २, बिल ३ असे कॉलम वाढवा, असंही सुचवलं गेलं. ते मी ठाम नाकारलं, आणि दुसऱ्याच दिवशी अकरा बिलांची पावती सापडली. उपाय म्हणजे मधलं टेबल. त्याला मी 'वाटप' नाव दिलं: पावती क्रमांक, बिल क्रमांक आणि त्या बिलापोटी लावलेली रक्कम. एका पावतीत अनेक बिलं बसली, एक बिल अनेक हप्त्यांत फिटू लागलं. वाटप न झालेली बाकी म्हणजे आगाऊ रक्कम, तिला वेगळा कॉलम लागलाच नाही. विल्यम मॅकार्थी यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या आरईए (रिसोर्सेस, इव्हेंट्स, एजंट्स) या हिशेबाच्या मॉडेलमध्ये विक्री आणि वसुली या दोन स्वतंत्र घटना मानून त्यांचं नातं जोडलेलं आहे. ते मी आधी वाचायला हवं होतं.

वाटपांची बेरीज पावतीपेक्षा जास्त होऊ नये, हे चेक कन्स्ट्रेंटला, म्हणजे टेबलावर घातलेल्या अटीला, जमत नाही, तो एकाच ओळीपुरता पाहतो. ट्रिगर, म्हणजे नोंद होताना आपोआप चालणारा कोड, लिहावा लागला, आणि दोघांनी एकाच वेळी वाटप केलं तर घोळ नको म्हणून पावतीची ओळ लॉक करावी लागली. डेटाबेस मायएसक्यूएलचा आणि ८.०.१६ च्या आधीचा असेल तर साधा चेकही नुसता लिहिला जातो, पाळला जात नाही.

रिपोर्टमध्येही जपा. बिलाच्या तीन ओळी आणि दोन वाटपं थेट जॉइन केली, म्हणजे एकमेकांना जोडली, की प्रत्येक ओळ प्रत्येक वाटपाशी जुळून सहा ओळी होतात आणि बेरीज फुगते. दोन्हीकडची बेरीज आधी वेगळी करा, मग जोडा.

आणि हो, रकमा फ्लोटमध्ये, म्हणजे अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात, कधीच ठेवू नका. तिथे ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते. आकडा नेमका ठेवणारा डेसिमल प्रकार वापरा. मालाचा भाव बिलाच्या ओळीत उतरवून ठेवा, नाहीतर उद्या भाव बदलला की जुनी बिलंही बदलतील. रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या नोंदींच्या वहीत, एकदा पडलेली नोंद खोडायची नाही, उलट नोंद करायची.

वाटप बसवल्यावर सगळ्या बिलांची थकबाकी काढली, तीतून आगाऊ रकमा वजा केल्या आणि तेरजेतल्या (सगळ्या खात्यांच्या बाक्यांच्या यादीतल्या) ऋणकोंच्या, म्हणजे ज्यांच्याकडून येणं आहे त्यांच्या, आकड्याशी ताडून पाहिली. शेवटच्या दशांशापर्यंत जुळली. पावतीच्या नव्या फॉर्मवर बिल क्रमांकासाठी आता चौकोन नाही, तक्ता आहे. तो मी स्वतः आखून दिला.