तंजावरला दीड तास

फेब्रुवारीत काका पहिल्यांदा माझ्या सहलींच्या ऑफिसात आले, तेव्हा त्यांच्या हातात वहीचं एक पान होतं. त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : 'तंजावर. चार मुक्काम. मे सोडून कधीही.' वय ७९. सगळी नोकरी सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून झालेली. तंजावरला चार मुक्काम मागणारं गिऱ्हाईक मला सतरा वर्षांत भेटलं नव्हतं. लोक तिथलं मोठं देऊळ दुपारच्या जेवणाआधी उरकतात.

मी कारण विचारलं. राजराज चोळाचं बृहदीश्वराचं देऊळ सुमारे १०१० सालचं. त्याच आवारात, नैऋत्येच्या बाजूला, दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास दगडावर कोरून घेतला. मराठीत, देवनागरीत. जगातल्या मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तिथे मराठ्यांची गादी होती, त्या घराण्याची ही वंशकथा. चाळीसेक वर्षांपूर्वी तंजावरच्या मराठ्यांवरच्या एका पुस्तकाची प्रुफं काकांकडे आली होती आणि त्यात या लेखाचा मजकूर होता. एका शब्दापाशी ते अडले. त्यांच्या मते नक्कल करताना एक अक्षर चुकलं होतं. त्यांनी समासात प्रश्नचिन्ह काढलं, पण छपाईची घाई होती, "आहे तसं जाऊ द्या" असा निरोप आला आणि पुस्तक तसंच छापून निघालं.

"दगडावर काय आहे ते एकदा बघायचंय," काका म्हणाले.

"कुठला शब्द?"

"बघितल्याशिवाय नाही सांगणार. मीच चुकलो असेन तर?"

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाचा फोन आला. बाबांना एकट्याला पाठवणार नाही, आम्ही सगळेच जातो. आठ जण : काका, मुलगा, सून, त्यांची दोन मुलं, मुलगी, जावई, नात. शाळांमुळे मे महिनाच. आणि एवढ्या लांब जायचं तर पुदुच्चेरी, रामेश्वरम, मदुराई, कोडाईकनाल सगळंच घ्या. जुनी शहरं, समुद्र आणि शेवटी थंड हवा. पैसे मुलगाच भरणार होता. वहीचं पान माझ्या फाइलमध्ये मागे गेलं.

मे महिन्यातला तमिळनाडू लावणं हे खरं कौशल्याचं काम आहे, आणि ते मला येतं. साधारण ४ मे ते २८ मे तिथे अग्नी नक्षत्रम मानतात, म्हणजे उन्हाचा कळस. मोठी देवळं दुपारी साडेबाराच्या सुमारास बंद होतात ती चारपर्यंत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आत अनवाणी जायचं असतं. दहानंतर त्या आवारातला दगड तव्यासारखा तापतो. चालायच्या वाटेवर अंथरलेल्या काथ्याच्या पट्टीवरून पाय जरा खाली पडला की लहान मूल किंचाळतं. म्हणून देऊळ सकाळी सातच्या आत नाहीतर संध्याकाळी पाचनंतर, हा माझा नियम. मोबाइलवर तयार आराखडे घेऊन येणाऱ्यांना हे माहीत नसतं. त्यांच्या यादीत मीनाक्षी मंदिर दुपारी दोनला असतं.

तसंच माशांचं. जावयांना पुदुच्चेरीत रोज ताजा मासा हवा होता. पण पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून, ६१ दिवस, यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. लहान होड्यांचा माल येतो, पण थोडा आणि महाग. हे मी आधीच सांगून ठेवते, म्हणजे तिथे पोचल्यावर हॉटेलवाल्याशी भांडण होत नाही. मदुराईचंही तसंच. चित्तिरै उत्सवात कळ्ळळगर देव वैगई नदीत उतरतो, तो दिवस २०२५ मध्ये १२ मेला होता. त्या आठवड्यात मदुराईत खोली मिळणं कठीण. म्हणून अख्खी सहलच मी त्यापुढे ढकलली.

आणि कोडाईकनालचा ई-पास. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ७ मे २०२४ पासून उटी आणि कोडाईला जाणाऱ्या गाड्यांना तो लागतो. २०२५ च्या उन्हाळ्यात तर मर्यादाच घातली होती : कोडाईला एरवी दिवसाला ४,००० गाड्या आणि शनिवार-रविवारी ६,०००. आमच्या धंद्यातले पुष्कळ लोक यावर चिडतात. मी चिडत नाही. त्या घाटात पाच पाच तास अडकलेली माणसं मी फोनवर ऐकली आहेत. लक्षात ठेवायचं ते एवढंच की पास गाडीच्या नंबरावर निघतो. गाडी बदलली की तो पास कागदाचा तुकडा.

हे सगळं जुळवता जुळवता तंजावरला किती वेळ उरला? पुदुच्चेरीहून निघून तरंगमबाडीला डॅनिश लोकांचा १६२० चा किल्ला, मग संध्याकाळी तंजावर. रात्री मुक्काम. सकाळी साडेसहा ते आठ देऊळ. आठला निघायचंच, कारण रामेश्वरम सव्वादोनशे ते दोनशे तीस किलोमीटर आणि नातवंडांना उजेडात पांबनचा नवा पूल बघायचा होता. एप्रिलमध्येच त्याचं उद्घाटन झालं होतं, जहाज आलं की मधला भाग उभाच्या उभा वर उचलला जातो. मी आराखडा मुलाला पाठवला, त्यांनी मोबाइलवर होकाराचा अंगठा पाठवला. काकांना फोन करायचं माझ्या मनात आलं होतं. त्या आठवड्यात माझे सहा ग्रुप सुटत होते. मी केला नाही.

तंजावरची सकाळ मला नंतर त्यांच्या मुलीनं सांगितली. काकांनी चष्म्यावर भिंग धरलेलं, डाव्या हातात टॉर्च, आणि उजव्या हाताचं बोट दगडाला न लावता ओळीखालून सरकत होतं. छापखान्यात ओळ सुटू नये म्हणून धरायचे तसंच. अक्षरन् अक्षर वाचत होते, शब्द सापडायला पुढे उडी मारत नव्हते. "पुढचं बघा की," जावई म्हणाले, तर म्हणाले, "तसं वाचलं की चुका सुटतात." आठला मुलानं हाक मारली. त्यांनी वहीत कुठवर आलो ती खूण केली आणि निघाले. शब्द पुढेच राहिला.

आता तो शनिवार.

सकाळी साडेअकराला फोन आला तेव्हा मी दुसऱ्या ग्रुपची रूमिंग लिस्ट टाइप करत होते. टेम्पो ट्रॅव्हलर घाटाच्या पायथ्याच्या चौकीवर उभी होती. आदल्या रात्री मदुराईत तिचा एसी बंद पडला म्हणून तिकडच्या गाडीवाल्यानं भल्या पहाटे दुसरी गाडी दिली होती. चांगली, नवी गाडी. फक्त नंबर बदलल्याचं मला कळवलं नव्हतं. गेली सहा वर्षं मी या माणसाला एकच गोष्ट बजावते आहे : गाडी बदलली की सगळ्यात आधी मला फोन. नवीन पास काढायला बसले तर शनिवार भरलेला, रविवारही भरलेला. बाहेर उकाडा, गाडीत मुलं रडकुंडीला आलेली आणि फोनवर मुलगा मला विचारत होता की एवढे पैसे कशासाठी घेता.

अशा वेळी हात आपोआप चालतात. सरकारी बसला ई-पास लागत नाही, स्थानिक गाड्यांनाही नाही. कोडाईच्या हॉटेलच्या मॅनेजरला फोन केला. तो माणूस हिरा आहे. त्याच्या ओळखीची एक कोडाईची टॅक्सी पाहुणे सोडायला खाली आली होती, तासाभरात मोकळी होणार होती. तीत बॅगा, काका, मुलगी आणि तिची लेक. बाकीचे पायथ्याच्या वत्तलगुंडूहून बसनं. "एसटीनं?" मुलगा ओरडला. मी म्हटलं, "सर, खिडकी मिळाली तर तुमच्या गाडीपेक्षा घाट छान दिसेल." सून मागून म्हणाली, "चला हो, मुलांना आवडेल." पाऊण वाजता सगळं लागलं होतं. मी पाणी प्यायले.

तेवढ्यात काकांनी फोन मागून घेतला.

"ताई, एक विचारू? ही मोठी गाडी आता सोमवारपर्यंत रिकामीच ना?"

"हो काका. मदुराईला उभी राहील."

"मग ती मला तंजावरला सोडू शकेल का? हे लोक वर जाऊ देत. मी दोन दिवस तिथे वाचतो. सोमवारी मदुराईला येऊन भेटतो. खोलीचे पैसे माझे मी देईन."

जमण्यासारखं होतं. हे मी सगळ्यात आधी लिहायला हवं. अंतर दोनशेच्या आत, चार तासांचा रस्ता, संध्याकाळी उन्हं कलताना पोचले असते. गाडीचे पैसे भरलेलेच होते, डिझेल आणि ड्रायव्हरचा बाटा, म्हणजे भत्ता, तेवढा वाढला असता. ज्या हॉटेलात ते दोन दिवसांपूर्वी राहिले होते तिथे खोली होती, मी नंतर विचारून पाहिलं. मॅनेजरला मोडकं हिंदी येतं.

मी "बघते" म्हणायच्या आत मुलानं फोन घेतला आणि बाजूला गेला. आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, बाबांना बीपी आहे. या उन्हात, एकटे, भाषा येत नाही. मी नाही म्हटलं तर भांडण होईल आणि सहलीचा विचका होईल. तुम्हीच सांगा जमत नाही म्हणून. तुमचं ऐकतील."

हा मुलगा वाईट नाही. बापाच्या गोळ्यांची डबी तो स्वतः भरतो, विमानतळावर व्हीलचेअर लिहून ठेवायला त्यानंच मला आठवण केली होती. आणि माझ्याही पोटात भीती होतीच. ७९ वर्षांचा माणूस, माझ्या व्हाउचरवर, एकटा.

मी काकांना म्हणाले, "काका, त्या गाडीचं परमिट तंजावरचं नाही हो."

असं काही नसतं. तमिळनाडूची गाडी तमिळनाडूत कुठेही जाते. परमिट लागलं होतं ते पुदुच्चेरीला, तो केंद्रशासित प्रदेश म्हणून. तिथे हद्दीवर पहिल्या गाडीचा ड्रायव्हर कागद घेऊन उतरला होता आणि काकांनी ते पाहिलं होतं. म्हणूनच माझ्या तोंडात तो शब्द आला. पटेल असाच मी निवडला.

पलीकडे क्षणभर नुसता वाहनांचा आवाज. मग ते म्हणाले, "बरं. नियम असेल तर नियम."

एवढंच. सव्वा वाजता टॅक्सी वर निघाली, बस त्याच्या मागे. कोडाईत तळ्याकाठी मुलांनी सायकली चालवल्या, फोटो आले, मुलानं मला पाच तारे दिले आणि खाली लिहिलं की अडचणीच्या वेळी उत्तम मदत झाली. ते वाचून मला बरं वाटलं नाही.

त्यांना मी खरं सांगू शकले असते. "काका, गाडी आहे, पण मला भीती वाटते आणि तुमच्या मुलालाही वाटते." मग ते भांडले असते, किंवा समजूतही घातली असती आमची. कदाचित मुलीला सोबत घेऊन गेले असते. ती तयार झाली असती असं मला आता तिच्याशी बोलल्यावर वाटतं. निर्णय त्यांच्या घरातला होता. मी मधे एक नियम उभा केला, आणि तोही अशा माणसासमोर ज्यानं एका अक्षराचा नियम चाळीस वर्षं मनात धरला. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, तू अगदी बरोबर केलंस, काही झालं असतं तर? काही झालं असतं तर मी हे लिहायलाही बसले नसते, हेही खरं. पण मुलानं नको म्हटलं म्हणून मी थांबवलं की मला भीती वाटली म्हणून, हे माझं मला अजून नीट सांगता येत नाही. सहलीचा चेक मुलानं दिलेला होता, हे मात्र मला त्या क्षणी आठवलं होतं.

जूनच्या शेवटी, पाऊस लागलेला असताना, काका ऑफिसात आले. छत्री दाराशी उभी करून, खुर्चीत टेकून त्यांनी तीच वही काढली. तंजावरच्या ओळी त्यांनी उतरवून आणल्या होत्या, शेवटच्या ओळीखाली तांबड्या शाईनं आडवी रेघ. जानेवारीत जायचं म्हणाले, रिटायर झालेला भाचा सोबत येणार आहे. चार मुक्काम.

पोंगल उरकल्यावरची तारीख काढली, २० जानेवारी. विमानानं चेन्नई, तिथून रात्रीची उळवन एक्स्प्रेस तंजावरला सोडते. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे २१ नोव्हेंबरला. देवळाच्या जवळचं हॉटेल, तळमजल्याची खोली. रोज सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी चारनंतर, मधे विश्रांती. एका दुपारी सरस्वती महाल ग्रंथालय. सगळं कागदावर लिहून मी त्यांच्यासमोर सरकवलं. त्यांनी पेन्सिलीनं माझ्या 'विश्रांती'तली वेलांटी दुरुस्त केली आणि उठता उठता थांबले.

"आणि हो, ताई. तंजावरच्या परमिटचं तेवढं या वेळी आधीच बघून ठेवा."

मी "हो काका, बघते" म्हटलं, आणि ते बघत होते म्हणून कागदावर लिहिलंही : परमिट.

कागद फाइलला लावलेला आहे. तो शब्द मी अजून खोडलेला नाही.