बोर्ड निर्दोष होता

"मॅडम, हा स्नोबोर्ड परत घ्या. मला नाही जमायचं हे."

बोर्ड काउंटरवर ठेवताना त्याने आपटला नाही, एवढ्यावरूनच माणूस सभ्य असल्याचं कळलं. आपटणारे भरपूर बघितलेत. उताराच्या पायथ्याशी सामान विकायला आणि भाड्याने द्यायला बसलं की बर्फावर झालेला अपमान पहिल्यांदा आपल्याच काउंटरवर येऊन पडतो.

हा बोर्ड शनिवारच्या गर्दीत मीच त्याला दिला होता. चांगला लक्षात राहिला होता, कारण नवशिक्या असून अभ्यास करून आला होता. बाकीचे येतात आणि भिंतीवरच्या बोर्डांची चित्रं बघत बसतात. नाहीतर कुणीतरी सांगितलेलं असतं की बोर्ड उभा धरल्यावर हनुवटीपर्यंत आला की झालं. याला ठाऊक होतं की लांबी उंचीवर नाही, मुख्यतः वजनावर ठरते. वजन 72 किलो, म्हणून 156 सेंटिमीटरचा बोर्ड. फ्लेक्स, म्हणजे बोर्डाचा लवचिकपणा, मऊ हवा, म्हणजे कमी जोरातही बोर्ड वळतो. मधला भाग सपाट आणि दोन्ही टोकं जराशी उचललेली हवीत, म्हणजे कड चुकून बर्फात रुतून माणूस तोंडावर आपटण्याची शक्यता कमी. सगळं बरोबर. मी मनातल्या मनात खूश झाले आणि तिथेच चुकले.

कारण बुटांची वेळ आली तेव्हा रांग दारापर्यंत गेली होती. "नंबर?" मी विचारलं. त्याने रोजच्या धावायच्या बुटांचा नंबर सांगितला, मी तक्त्यात बघून 29.5 चा खोका काढला. चार पावलं चालून तो म्हणाला, "एकदम आरामशीर आहेत." त्या शब्दालाच माझे कान टवकारायला हवे होते. नवा स्नोबोर्डचा बूट दुकानात सपातासारखा वाटला, तर तो मोठा असतो.

आता सोमवारी तो समोर उभा होता आणि बोर्डाबद्दल तक्रार करत होता.

"नक्की काय होतं?"

"टाचेकडच्या कडेवर उभं राहता येतं. हळूहळू घसरत खालीही येतो. पण बोटांकडच्या कडेवर गेलो, की पायाखालून कुणीतरी बोर्ड ओढून घेतल्यासारखा सटकतो. प्रत्येक वेळी. प्रशिक्षक म्हणतात गुडघे वाकवा. वाकवतो तरी."

मी बोर्ड उलटा करून कडा बघितल्या. धार जागेवर, तळाला साधे ओरखडे. मग बूट हातात घेतले. दोन्ही बुटांच्या नाकाखाली, तळव्याच्या अगदी पुढच्या टोकाला, रबर खरवडलेलं होतं. बूट तिथे सहजासहजी घासत नाहीत. बोर्ड बोटांकडे कलला की बर्फाला टेकायची असते ती स्टीलची कड. इथे कडेच्या आधी बुटाचं नाक टेकत होतं. नाक टेकलं की कड उचलली जाते, आणि कड सुटली की बोर्ड मोकळाच. तो गुडघे जितके जास्त वाकवत होता, प्रशिक्षकाचं जितकं मनापासून ऐकत होता, तितका जास्त पडत होता!

मग बाइंडिंगकडे, म्हणजे बूट बोर्डाला जखडणाऱ्या पकडीकडे, लक्ष गेलं. स्ट्रॅप शेवटच्या दात्यापर्यंत आवळलेले.

"पाय बधिर होतात?"

"अर्ध्या तासात. सैल केले की आत टाच उचलते. म्हणून पुन्हा आवळतो."

"बूट काढा. मोजेही."

मोजे दोन जोड निघाले, एकावर एक, दोन्ही सुती आणि दोन्ही ओले. सुती मोजा घाम पितो आणि पाय गार करतो. दोन घातले की त्यांच्या घड्या टोचतात. एकच पातळ मोजा पुरतो, लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा. हेही मी शनिवारी सांगितलं नव्हतं. भिंतीला टाच टेकवून त्याला कागदावर उभं केलं आणि अंगठ्यापाशी खूण केली. 27.8.

या बुटांवर छापलेला आकडा म्हणजे दुसरंतिसरं काही नसतं, पावलाची सेंटिमीटरमधली लांबी. म्हणजे त्याला 28 चा बूट हवा होता. धावायचे बूट लोक एखादा नंबर मोठे घेतात, आणि मी तो नंबर तसाच तक्त्यात टाकला होता. मापाची पट्टी काउंटरखालीच होती, हातभर अंतरावर. "चूक माझी आहे," मी म्हटलं. तो काहीच बोलला नाही, आणि ते मला जास्त लागलं.

28 चा जोड चढवल्यावर त्याने तोंड वाकडं केलं. "घट्ट आहे."

"घट्ट आहे की दुखतंय?"

जरा विचार करून म्हणाला, "घट्ट."

"सरळ उभे राहा. बोटं पुढे टेकतात?" टेकत होती. "आता गुडघे वाकवा." बोटं किंचित मागे सरली. मी बूट खाली दाबून धरला आणि त्याला टाच उचलायला सांगितलं. हलली नाही. एवढंच बघायचं असतं. आतलं अस्तर काही दिवसांत दबून थोडी जागा आपोआप होते. दुकानातच सैल असलेला बूट महिन्याभरात बादली होतो.

मग शनिवारी राहून गेलेलं काम केलं: बूट बाइंडिंगमध्ये बसवून बोर्डाच्या कडांशी पट्टी लावली. आधी जुना जोड. बोटांकडे बूट चार सेंटिमीटर बाहेर, टाचेकडे जेमतेम दीड. म्हणजे बूट मोठे होतेच, वर बाइंडिंग बोर्डाला जोडणारी तबकडीही मी मधोमध बसवली नव्हती. नवा जोड ठेवला, चारही स्क्रू सैल करून तबकडी टाचेकडे सरकवली आणि पुन्हा मोजलं. दोन्हीकडे दोनच्या आत. थोडं बाहेर असावंच लागतं, नाहीतर कडेवर जोर पोचत नाही. त्याचं पाऊल खरंच 29.5 असतं, तर मात्र कमरेला, म्हणजे मधल्या भागात, रुंद असलेला बोर्डच द्यावा लागला असता. लांबीच्या नादात लोक हा रुंदीचा आकडा वाचतच नाहीत.

"म्हणजे बोर्ड बरोबर आहे?" त्याने विचारलं.

"तुम्ही निवडला होता ना. बरोबरच आहे."

तेव्हा कुठे तो हसला. जाताना मी त्याच्या हातात मनगटाचे गार्ड कोंबले, भाड्याच्या कपाटातले. गॉगल घ्यायला कुणी विसरत नाही, हे मात्र विसरतात. नवशिका पडला की हात पुढे करतोच, आणि या खेळात सुरुवातीला सगळ्यात जास्त दुखावतं ते मनगट. हेल्मेटखाली लोकरीची टोपी होती, तीही काढायला लावली. टोपीमुळे हेल्मेट मागे सरकून अख्खं कपाळ उघडं पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद करायच्या सुमाराला तो गार्ड परत द्यायला आला. केसांत बर्फ, गाल लाल. काही सांगायच्या आधीच त्याने एक पाय उचलून बुटाचं नाक मला दाखवलं. ओलं होतं. ओरखडा एकही नव्हता.

29.5 चा तो जोड मी मालकांना सगळं सांगून परत घेतला. खरवडलेला असल्यामुळे विकता येत नाही. काउंटरखाली पडून आहे, मापाच्या पट्टीशेजारी.