बटाट्याला कुणी घाबरत नाही

कोरा ड्रॉइंग पेपर समोर आला की भल्याभल्या मोठ्या माणसांचे हात आखडतात. मुलाबरोबर चित्र काढायला बसवलं की लगेच "मला नाही बाबा येत, तू काढ, मी बघते" सुरू. आणि मुलंही जरा मोठी झाली की तशीच वागायला लागतात, पेन्सिलीच्या आधी खोडरबर शोधतात. पण त्याच माणसांसमोर एक बटाटा ठेवा, अर्धा कापा, आणि म्हणा यात काहीतरी कोरून दाखवा. कुणी नाही म्हणत नाही. बटाटाच तर आहे, बिघडला तर बिघडला, दुसरा घेऊ! माझं तर असं मत होत चाललंय की घरातल्या सगळ्यांनी मिळून हाताने काही करायचं असेल तर आधी ते चकचकीत क्राफ्ट किट आणूच नये, टोपलीतला बटाटा घ्यावा, कारण त्याच्यासमोर कुणालाच आपण कलाकार नसल्याची लाज वाटत नाही.

सुरुवात अर्थातच ठशांपासून. ठसेकाम सगळ्यांनी शाळेत कधी ना कधी केलेलं असतं म्हणून ते बाळबोध वाटतं, पण नीट करायला बसलं की कळतं त्यात किती खाचाखोचा आहेत. पहिली गोष्ट काप. सुरी एका दमात सरळ खाली गेली पाहिजे, मागेपुढे करत कापलं की पृष्ठभागावर बारीक पायऱ्या पडतात आणि मग ठसा अर्धाच उठतो. दुसरी गोष्ट पाणी. बटाट्यात जवळजवळ 80 टक्के पाणीच असतं, कापल्या कापल्या ते वर यायला लागतं, आणि त्या ओल्या तोंडाला रंग लावला की कागदावर आकार राहतो बाजूला, नुसते ओघळ येतात. म्हणून कापलेली बाजू जुन्या सुती फडक्यावर पालथी घालून थोडा वेळ सोडून द्यायची. मुलांना एवढंसं थांबणंही फार होतं पण नेमकं काय कोरायचं यावरची भांडणं तेवढ्यात उरकून घेता येतात, त्यामुळे तो वेळ वाया जात नाही. रंग बाटलीतून काढला तसाच घट्ट ठेवायचा, पाणी घालायचं नाही, आणि बटाटा थेट रंगात बुडवायचा तर अजिबात नाही, स्पंजच्या तुकड्यावर रंग पसरायचा आणि त्यावर बटाटा दाबायचा. मागच्या बाजूला एक काटा-चमचा खोचला की छान मूठ होते, हातही भरत नाहीत, म्हणजे कमी भरतात.

कोरण्याचं म्हणाल तर सुरी मोठ्यांच्याच हातात. लहानांसाठी मला आवडणारा प्रकार म्हणजे रिफिल संपलेलं बॉलपेन. कापलेल्या बटाट्यावर जोर देऊन रेघा ओढल्या की चर पडतात, आणि ठसा उठवला की त्या जागी कागदाचा पांढरा रंग राहतो. माशाचे खवले, पानाच्या शिरा, मांजराच्या मिशा, सगळं तेवढ्यात होतं. बिस्किटं कापायचा साचा असेल तर तो बोटाच्या एका पेराएवढा आत दाबायचा, मग बाजूने सुरी फिरवून भोवतालचा भाग काढून टाकायचा, आकार आपोआप वर उभा राहतो.

फार बारीक नक्षी मात्र बटाटा करू देत नाही. पातळ कडा लगेच तुटतात. मला हा त्याचा मोठा गुण वाटतो, कारण ज्याला सुंदर चित्र येतं त्याचा आणि ज्याला काहीच येत नाही त्याचा, दोघांचा ठसा शेवटी त्रिकोण, चंद्रकोर नाहीतर जाडजूड पानच निघतो. मग खरी गंमत तो आकार कसा मांडायचा यात येते. एक ओळ सरळ, पुढची अर्ध्या ठशाने सरकवून, किंवा प्रत्येक वेळी बटाटा पाव फेरी फिरवून, आणि बघता बघता साध्या त्रिकोणाची जाळी तयार होते. जमिनीवर खाकी कागदाची लांब गुंडाळी पसरायची, प्रत्येकाचा एक ठसा, एक रंग, आणि दोन टोकांकडून सुरू करायचं. ठराविक वेळाने घरातला कुणीतरी बाबा किंवा आजोबा हळूच पट्टी आणि पेन्सिल घेऊन येतोच, "आधी रेघा आखून घेऊ या" म्हणत. त्यांना तिथल्या तिथे दुसरं काम द्यावं.

नाव छापायची हौस सगळ्या मुलांना असते आणि तिथे मोठी मजा होते, कारण ठसा आरशातल्यासारखा उलटा उठतो. आपल्या लिपीत तर पहिली वेलांटी दुसरी होऊन बसते आणि अक्षरंही उजवीकडून डावीकडे रांग लावतात. यावर उपाय सोपा आहे, नाव पातळ कागदावर लिहायचं, कागद उलटा करून खिडकीच्या काचेवर धरायचा, मागून जे दिसतं ते कोरायचं. पण मी म्हणेन पहिल्यांदा सांगूच नका. उलटं नाव बघून मुलाच्या चेहऱ्यावर जे येतं ना, ते समजावून सांगून येत नाही, आणि त्यानंतर छापखान्यातले खिळे उलटे का असायचे हे कुणालाही शिकवावं लागत नाही.

आता बाहुल्या. बटाट्याला नाक-डोळे खोचण्याच्या खेळाचा इतिहास मला फार आवडतो. अमेरिकेत जॉर्ज लर्नर नावाच्या माणसाने 1949 च्या सुमारास नाक, कान, ओठ, मिशा असे सुटे अवयव तयार केले, मागे टोक असलेले, म्हणजे मुलांनी ते घरातल्या फळात-भाजीत खोचायचे. कंपन्या आधी नको म्हणाल्या, कारण युद्धकाळातलं रेशनिंग लोकांच्या मनातून गेलेलं नव्हतं आणि खायच्या वस्तूशी खेळायचं हे कुणाला रुचेल असं त्यांना वाटत नव्हतं. शेवटी आज हॅसब्रो म्हणून ओळखली जाणारी कंपनी पुढे आली आणि 1952 मध्ये 'मिस्टर पोटॅटो हेड' बाजारात आला, टीव्हीवर जाहिरात झालेलं पहिलं खेळणं म्हणून त्याचं नाव घेतात. त्या पहिल्या खोक्यात बटाट्याचं शरीर नव्हतंच हं, बटाटा ज्याचा त्याने घरचा घ्यायचा! प्लास्टिकचा बटाटा आला 1964 मध्ये. मुलांना लागू नये म्हणून टोकं बोथट करावी लागली आणि बोथट टोकं खऱ्या बटाट्यात घुसेनात, म्हणून मग भोकं पाडलेला तयार बटाटाच द्यायला लागले.

सुरक्षेचं बरोबरच आहे, त्यावर वाद नाही, पण खेळ म्हणून काहीतरी गेलं खरं. प्लास्टिकच्या बटाट्यात नाकाचं भोक कुठे असणार ते कारखान्यात ठरतं. खऱ्या बटाट्याला मुळातच एक टेंगूळ असतं, एक खळगा असतो, एक बाजू चपटी असते, आणि तो हातात फिरवता फिरवता मुलगी म्हणते "हे तर रागावलेल्या आत्यासारखं दिसतंय" आणि मग पुढे सगळं त्यावरून ठरतं. सामान काय, काड्यापेटीच्या गुल काढलेल्या काड्या, लवंगा, बटणं, लोकर, तुटलेल्या छत्रीच्या कापडाची टोपी. टाचण्या मोठ्या मुलांसाठीच. आणि एक बारीकसं तंत्र: बटाट्याच्या एका टोकाला डोळ्यांची, म्हणजे कोंब फुटतात त्या बारीक खळग्यांची, गर्दी असते, दुसऱ्या टोकाला एक वाळकी खूण असते जिथून तो झाडाला जोडलेला होता. गर्दीचं टोक वर ठेवायचं. बटाटा हे मूळ नाही, जमिनीखालचं खोड आहे, आणि शेंड्याकडचे कोंब आधी फुटतात, म्हणजे बाहुली तशीच ठेवली तर काही दिवसांनी तिच्या डोक्यावर आपोआप तुरा उगवतो. ज्यांना एवढी वाट बघवत नाही त्यांनी वरून चकती कापून चमच्याने खळगा करावा, ओला कापूस भरावा आणि त्यावर मोहरी पेरावी. दोन-तीन दिवसांत हिरवे केस दिसायला लागतात, मग कात्रीने कटिंग, त्यावरूनही भांडणं.

कोंबांवरून आठवलं, चपलांच्या खोक्यातला भुलभुलैया! हा प्रकार मुलांपेक्षा मोठ्यांना जास्त लागतो असं माझं निरीक्षण आहे. बुटांचं खोकं घ्यायचं, एका टोकाच्या भिंतीला नाण्याएवढं भोक पाडायचं, आत पुठ्ठ्याच्या दोन-तीन आडभिंती चिकटवायच्या, प्रत्येकीत फट वेगळ्या बाजूला. दुसऱ्या टोकाला कोंब फुटलेला बटाटा. झाकण घट्ट बंद, उजेड फक्त त्या भोकातून. मग कोंब वळणं घेत फटीफटीतून निघतो आणि पुरेसे दिवस दिले तर भोकापर्यंत पोचतो, माती नाही, पाणी नाही, सगळा खर्च बटाट्यातल्या साठ्यातून. अंधारातला कोंब पांढराफटक आणि लांबुळका होतो कारण उजेड मिळेपर्यंत हिरवा रंग तयार करण्यात त्याला काही फायदा नसतो, सगळी ताकद उंचीत घालतो. अट एकच, झाकण सारखं सारखं उघडायचं नाही, आणि ती अट मोडणारे घरातले सगळ्यात शहाणे लोक असतात.

बटाट्याची बॅटरी मात्र मला जरा जास्तच डोक्यावर चढवलेली वाटते. जस्ताचा खिळा आणि तांब्याची तार खोचली की साधारण पाऊण-एक व्होल्ट मिळतो, तीन-चार बटाटे एकापुढे एक जोडले की छोटा एलईडी मिणमिणतो, इथपर्यंत ठीक. पण वीज बटाट्यातून येत नाही, ती जस्त झिजण्यातून येते, बटाटा नुसता मधला ओला रस्ता. एकदा करावं, टाळ्या वाजवाव्या, झालं.

त्यापेक्षा स्टार्च बघा. बटाटा किसून पाण्यात कालवायचा, फडक्यातून पिळायचा, आणि ते गढूळ पाणी स्थिर ठेवायचं. तळाशी पांढरा साका बसतो, वरचं पाणी ओतून दिलं की हाताला चरचरणारी पांढरी पूड मिळते. थोड्या पाण्यात कालवून ढवळत गरम केली की पारदर्शक खळ, त्याने कागद मस्त चिकटतात. गार पाण्यात दाटसर भिजवली तर मुठीत दाबताना घट्ट आणि मूठ उघडताच ओघळणारा तो विचित्र प्रकार, ज्यात मुलं कितीही वेळ हात घालून बसतात. आयोडीनचा थेंब टाकला की काळंनिळं.

आणि ही पूड किती मोठी कामं करून बसलीय ते ऐका. फ्रान्समधल्या ल्युमिएर बंधूंनी 1907 मध्ये ऑटोक्रोम नावाच्या रंगीत फोटोच्या काचा विकायला काढल्या, त्या बटाट्याच्या स्टार्चच्या होत्या. स्टार्चचे अतिसूक्ष्म कण तीन रंगांत रंगवायचे, नारिंगी-लाल, हिरवा आणि निळा-जांभळा, ते मिसळून काचेवर एकच थर पसरायचा, मधल्या फटी काजळीच्या पुडीने बुजवायच्या, वर प्रकाशाला संवेदनशील थर. प्रत्येक कण म्हणजे एक रंगीत गाळणी. पुढची पंचवीसेक वर्षं जगात रंगीत फोटो काढायचे म्हटलं की बहुतेक याच काचा. म्हणजे किसणीवर बोटं सोलून घेत आपण जे पांढरं काढलं, त्याच्यातून लोकांच्या बागा, पोशाख आणि गालावरची लाली शंभर वर्षं टिकून राहिलीय. मुलांना हे सांगितलं की ती त्या पुडीत रंग घालून बघतातच. घालू द्या.

अन्न वाया जातं हा आक्षेप लोक घेतात आणि तो घ्यावाच. माझा साधा हिशोब आहे, जो खाण्यालायक उरला नाही तो आधी खेळायला घ्यायचा. उजेडात राहून हिरवे झालेले, खूप कोंब आलेले बटाटे तसेही खाऊ नयेत, त्यात सोलॅनिनसारखी विषारी द्रव्यं वाढलेली असतात, त्यामुळे ते भुलभुलैयाला आणि बाहुल्यांना उत्तम, फक्त खेळून झाल्यावर सगळ्यांनी हात धुवायचे आणि तोंडात घालायच्या वयाचं बाळ जवळपास नको. ठशाला मात्र कडक बटाटाच लागतो, मऊ पडलेल्यावर सुरी घसरते. तिथे एकाचे दोन ठसे होतात, आणि चार माणसांना दोन बटाटे पुरतात, एवढी चैन चालते.

राहता राहिला प्रश्न हे सगळं ठेवायचं कुठे. तर कुठेच नाही, आणि मला सगळ्यात सुटल्यासारखं वाटतं ते इथे! मुलांच्या प्रत्येक कागदी फुलाला, आइसक्रीमच्या काड्यांच्या घराला वर्षानुवर्षं कपाटावर जागा द्यावी लागते, टाकलं की अपराध्यासारखं वाटतं, त्यांना कळलं तर रडारड. बटाटा ती जबाबदारी तुमच्यावर टाकतच नाही. कोरलेला ठसा गार पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवला तर एखाद-दुसरा दिवस टिकतो, मग मऊ पडतो. बाहुली सुरकुतत जाते, गाल बसतात, नाक पुढे येतं, आणि मुलं तिला मोठ्या उत्साहाने आधी काकू, मग आजी, मग पणजी करतात, रोज नवी गोष्ट. चिकटवलेलं सगळं काढून घेतलं की ती कुंडीत किंवा खताच्या डब्यात जाते. फक्त पणजीच्या पुढे थांबू नका, कुजलेल्या बटाट्याचा वास ज्याला माहीत आहे त्याला मी काय सांगायला नको, आणि ज्याला माहीत नाही त्याने माझ्यावर विश्वास ठेवावा.