मसाई मारा पावसाळ्यात: आधी माती विचारा, मग सिंह

केनियातल्या मसाई मारा अभयारण्यातून येऊन चार दिवस झाले. पाठ अजून दुखते आहे आणि गेटवर भरलेल्या जादा चारशे डॉलरचा राग उतरलेला नाही, तरी आत्ताच लिहायला बसले. महिनाभराने लिहिलं तर सिंह तेवढे आठवतील आणि चिखल विसरून जाईन. मागून जाणाऱ्याला चिखलाचीच माहिती हवी असते.

आम्ही चौघं होतो: मी, नवरा, धाकटे दीर आणि जाऊ. ताडोबा, पेंच सगळ्यांचं अनेकदा झालेलं, पहाटे चारला उठायची सवय, दुर्बिणी-कॅमेरे घरचे. त्यामुळे सफारी म्हणजे काय, टोपी न्यावी का, हे सांगत बसत नाही. एप्रिलचा शेवटचा आठवडा मुद्दाम निवडला. मार्चअखेर ते मे हा केनियातला मोठा पाऊस. गर्दी नसते, कॅम्पचे दर उतरतात, आणि मसाई माराचं प्रवेशशुल्क परदेशी माणसाला जानेवारी ते जून दिवसाला 100 डॉलर असतं, जुलै ते डिसेंबर 200. चार माणसांना हा फरक मोठा आहे. शिवाय आपल्याकडे पावसात ताडोबाचा कोअर, म्हणजे आतलं मुख्य जंगल, 1 जुलै ते 30 सप्टेंबर बंदच असतो, तिकडे जंगल वर्षभर उघडं. उघडं आहे म्हणजे रस्तेही चालू असणार, असं आपण धरून चालतो. मीही तसंच धरलं होतं.

एजंटने सांगितलं होतं, "संध्याकाळी तासभर सर येते, बाकी ऊन." ते खोटं नव्हतं. चार दिवसांत एकदाही सकाळी पाऊस नव्हता. दुपारी तीननंतर आभाळ भरायचं, कधी संध्याकाळी तर कधी रात्रभर कोसळायचं. पण पाऊस किती वाजता येतो हे विचारून उपयोग नाही. तो कुठल्या मातीवर पडतो, ते विचारा.

मी परभणी जिल्ह्यातली. काळ्या रानात वाफसा, म्हणजे काम करण्याजोगी सुकी-ओली माती, आल्याशिवाय कुणी बैल घालत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मसाई मारामधला मोठा भाग तसल्याच काळ्या मातीचा आहे. तिथले ड्रायव्हर तिला ब्लॅक कॉटन सॉइलच म्हणतात, आपल्या कापसाच्या जमिनीला इंग्रजीत म्हणतात तेच. उन्हात भेगाळते, भिजली की फुगते आणि साबणासारखी होते. मुख्य रस्त्यांवर मुरूम आहे, ते रात्रभरच्या पावसानंतरही चालतात. गाडी अडते ती मुख्य रस्त्यावरून कॅम्पकडे फुटणाऱ्या वाटेवर. आपल्याकडच्या आषाढातल्या पांदणीसारखी वाट, आणि मध्ये एक लुग्गा. लुग्गा म्हणजे एरवी कोरडा असणारा ओढा.

आमचा कॅम्प तालेक नदीच्या बाजूला, अभयारण्याच्या हद्दीत होता. ठरवलेला कॅम्प हा नव्हताच. ठरवलेला एप्रिल-मेमध्ये बंद असतो, हे निघायच्या पाच दिवस आधी कळवलं आणि "त्याच दर्जाचा" म्हणून हा दिला. दर्जा ठीक होता. पण मुख्य रस्त्यापासून सहा किलोमीटर आत, सगळी काळी माती. कॅम्प बदलला तर तंबू कसे आहेत ते नंतर विचारा, आधी वाट कसली आहे ते विचारा.

आता ते सहा किलोमीटर.

शेवटच्या रात्री पाऊस थांबलाच नाही. सकाळी साडेसातला नाश्ता करून निघालो, कारण घाई नाही असं आम्हाला सांगितलेलं होतं. पहिले दोन किलोमीटर गाडी तिरकी तिरकी चालली, म्हणजे तोंड एकीकडे आणि जाणं दुसरीकडे. लुग्ग्यात गुडघ्याएवढं पाणी होतं. ड्रायव्हर उतरला, काठीने तळ चाचपला, वरच्या अंगाला दहा पावलं चालून आला आणि मग गाडी घातली. पाणी पार झालं. पलीकडच्या चढावर मात्र मागचं डावं चाक आत गेलं, फिरत राहिलं, आणि गाडी बुडाला टेकली. ड्रायव्हर एकच शब्द बोलला, "मातोपे." मातोपे म्हणजे चिखल.

तो शांत माणूस होता, आणि हुशार. फावड्याने चाकापुढची माती काढायची, जॅक लावायचा, तर जॅकच खाली जायचा. मग जॅकखाली फळी, फळीखाली स्टेपनीचं झाकण. चाक वर आलं की खाली दगड सरकवायचे. दगड आणायचे लुग्ग्यातून, तेही तो आधी आजूबाजूचं गवत नीट बघून मगच सांगेल तेव्हा, कारण आपण अभयारण्यात आहोत आणि गवत छातीएवढं आहे. गाडीपासून पंधरा पावलांपलीकडे त्याने आम्हाला जाऊ दिलं नाही, आणि जाऊ नका. माझ्या बुटाला मातीचा थर चढत चढत एकेक बूट दोन किलोचा झाला. खरवडून काढला की चार पावलांत पुन्हा तेवढाच. जाऊबाईचा एक बूट तर रुतला तिथेच राहिला, पाय नुसत्या मोज्यात वर आला. दीर ढकलायला मागे उभे होते, ते डोक्यापासून पायापर्यंत माखले. म्हणून सांगते, मागच्या चाकाच्या रेषेत उभं राहून ढकलू नका, बाजूने खांदा लावा.

दोन तास यात गेले. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्याने ओढून काढलं. मागितले 15,000 शिलिंग, म्हणजे साधारण दहा हजार रुपये. घासाघीस करून 9,000 वर आला. तेही मला जास्तच वाटतात, कारण काम दहा मिनिटांचं होतं. पण अशा वेळी घासाघीस ड्रायव्हरला स्वाहिलीत करू द्या, आपण गाडीत बसून राहा. आपला चेहरा बघून दर वाढतो.

आणि मग गेट. इथलं नीट वाचा, कारण आम्हाला चुकीचं सांगितलं गेलं. एजंटच्या कागदावर तिकीट "24 तासांचं" असं लिहिलं होतं. तो नियम पूर्वी होता. आता तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, बारा तासांचं असतं. हद्दीत राहिलात तर निघायच्या दिवशी सकाळी दहाच्या आत बाहेर पडावं लागतं. दहा वाजून गेले की त्या दिवसाचं शुल्क पुन्हा. आम्ही पोचलो पावणेबाराला. गेटवरच्या माणसाने नियम दाखवला, तो त्याच्या जागी बरोबर होता. चिखलाची कहाणी त्याने पावसाळ्यात किती वेळा ऐकली असेल. चार माणसांचे 400 डॉलर कार्डावर भरले. पुण्याला फोन केला तर एजंट म्हणाला, "रस्त्यामुळे होणारा जादा खर्च पॅकेजमध्ये येत नाही, करारात आहे." आहे खरं, शेवटच्या पानावर. पण रस्त्याने दोन तास घेतले ते समजून घेईन. दहाची वेळ आम्हाला सांगितली असती तर आम्ही साडेपाचला निघालो असतो, ट्रॅक्टर धरूनही दहाच्या आत बाहेर असतो. ते 400 डॉलर चिखलाने नाही, चुकीच्या माहितीने गेले.

येतानाही हेच झालं होतं, फक्त तेव्हा लक्षात आलं नाही. नैरोबीहून उशिरा निघून दुपारी साडेतीनला आत शिरलो आणि अडीच तासांसाठी दिवसाचं पूर्ण शुल्क भरलं. एक तर पहिल्या रात्री गेटच्या बाहेर राहा आणि पहाटे सहाला आत जा, किंवा नैरोबीहून पहाटे पाचला निघा. नैरोबी, माई माहिऊ, नारोक, सेकेनानी हा रस्ता आता गेटपर्यंत डांबरी आहे, त्यामुळे हे जमतं. दुपारी गेटवर पोचणारा कार्यक्रम कुणी दिला तर सरळ नाही म्हणा.

गाडी लँड क्रूझरच हवी, आणि ते बुकिंगमध्ये लिहून घ्या. "सफारी व्हॅन" पावसाळ्यात अजिबात घेऊ नका. आमच्या पुढे-मागे ज्या दोन व्हॅन फसल्या त्या आम्ही निघालो तेव्हाही तिथेच होत्या. विमानाने जाणार असाल तर नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून पाऊण तास लागतो आणि रस्त्याचा प्रश्न मिटतो. पण सामान 15 किलो, तेही मऊ पिशवीत. धावपट्टीवर पाणी असेल तर विमान दुसऱ्या पट्टीवर उतरतं, तेव्हा कॅम्पची गाडी तिथे येईल ना, हेही विचारून ठेवा.

नदीकाठच्या तंबूचा मोह या महिन्यात धरू नका. मे 2024 च्या सुरुवातीला तालेक फुगून काठावरचे दहाहून अधिक कॅम्प पाण्यात गेले होते आणि पर्यटकांना सोडवायला रेड क्रॉसला यावं लागलं. उंचावरचा तंबू मागा. पुन्हा गेले तर मी मारा नदीच्या पश्चिमेला मारा ट्रँगलमध्ये राहीन. तो भाग मारा कंझर्व्हन्सी 2001 पासून सांभाळते आणि तिथले रस्ते चांगले ठेवलेले असतात.

याच प्रवासात केलेली नाकुरू आणि नैवाशा ही दोन तळी छान झाली. गेंडे दिसले, बोट झाली. तळ्याचं पाणी वाढल्यापासून नाकुरूला फ्लेमिंगो पूर्वीसारखे नसतात, त्यासाठी जात असाल तर बोगोरिया तळं करा. अडचण काही आली नाही, म्हणून लिहिण्यासारखंही काही नाही.

आता प्राण्यांचं. स्थलांतर करणाऱ्या विल्डबीस्टचे (गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचे) मोठे कळप एप्रिल-मेमध्ये इथे नसतात, ते तेव्हा टांझानियात सेरेंगेटीत असतात आणि साधारण जुलैपासून इकडे येतात. नदी ओलांडणारे कळप बघायचे असतील तर हा महिना तुमचा नाही, स्वस्त मिळतंय म्हणून येऊ नका. गवत उंच असतं, चित्ता पन्नास पावलांवर बसलेला असला तरी दिसत नाही. आम्हाला चार दिवसांत एकच चित्ता दिसला, तोही वारुळावर चढला म्हणून. गाडी वाटेवरून गवतात घालायला बंदी आहे, कितीही पैसे दिले तरी ड्रायव्हरला तसं सांगू नका.

पण सिंह इथलेच आहेत, ते कुठे जात नाहीत. आणि ओलं गवत त्यांना आवडत नाही. दुसऱ्या संध्याकाळी पाऊस थांबला आणि मुरमाच्या रस्त्यावर अकरा सिंह येऊन पसरले होते. आम्ही इंजिन बंद केलं. एक सिंहीण पुढच्या उजव्या चाकापासून सहा-सात हातांवर बसून पिल्लाचं डोकं चाटत होती. केस आधी एका बाजूला चपटे, मग उलटे उभे, मग पुन्हा चपटे. खरखरीत जिभेचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता, काथ्याने पातेलं घासावं तसा. पिल्लू वैतागून मान काढून घ्यायचं, ती पंजा टाकून पुन्हा दाबायची. पश्चिमेला ढगाखालून ऊन आलं तेव्हा तिच्या पाठीवरून वाफ निघताना दिसली. चाळीस मिनिटं आम्ही तिथे होतो आणि दुसरी एकही गाडी आली नाही. ऑगस्टमध्ये आलेल्या ओळखीच्या प्रत्येकाने गाड्यांच्या रांगेचं वर्णन केलेलं आहे. तो जिभेचा आवाज त्या गर्दीत ऐकूच येणार नाही. माझ्यासाठी सगळा प्रवास त्या चाळीस मिनिटांत वसूल झाला, चारशे डॉलर आणि ट्रॅक्टर धरून.

म्हणून माझं मत असं. जंगलात शांत बसता येत असेल, आणि अंग धडधाकट असेल, तर एप्रिलच्या शेवटी जरूर जा. पाठीचं किंवा मणक्याचं दुखणं असेल तर अजिबात नको, लहान मुलं आणि आई-वडील बरोबर असतील तरी नको. त्यांच्यासाठी जानेवारी-फेब्रुवारी घ्या: शुल्क तेच 100 डॉलर, गवत बेताचं, रस्ते कोरडे. नोव्हेंबरला "ग्रीन सीझन" म्हणून कुणी विकलं तर हिशोब करा. तेव्हाही पाऊस असतो, कॅम्प थोडे उतरलेले असतात, पण गेटचं शुल्क 200 च. तो सौदा मला पटत नाही.

सामानात गमबूट न्या, बूट नव्हे, आणि पायाला घट्ट बसणारे. हा भाग दीड हजार मीटरच्या वर आहे, उघड्या टपाच्या गाडीत पहाटे ओल्या वाऱ्यात दात वाजतात, स्वेटर आणि वारा न शिरणारं जाकीट दोन्ही लागतं. कॅमेऱ्याला पावसाचं कव्हर हवं. फराळाचं प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून नेऊ नका, केनियात 2017 पासून पिशव्यांना बंदी आहे. चिवडा-शंकरपाळ्या स्टीलच्या डब्यात भरा. आमचा डबा त्या चढावर दोन तास ड्रायव्हरसकट सगळ्यांना पुरला.

व्हिसा लागत नाही, पण ऑनलाइन प्रवास-परवानगी आधी काढावी लागते, सुमारे 30 डॉलर. पावसात डास वाढतात, मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा. पिवळ्या तापाची लस मात्र सरकारमान्य केंद्रातच आणि निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्या, त्याआधी दाखला लागू होत नाही. परत येताना मुंबईत तो पिवळा दाखला बघतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. तो मोठ्या बॅगेत टाकू नका, पासपोर्टमध्येच ठेवा. आमचा दाखला त्या बुटांबरोबर बॅगेत गेला होता, आणि विमानतळावर तो शोधताना काळ्या मातीचे ढेकूळ काउंटरसमोर पडत होते.