रात्रीत दीड किलो!

सकाळी काट्यावर उभा राहिलो तर ७८.९. काल ७७.४ होतं. काटा दुसऱ्या फरशीवर ठेवून पाहिला, खिशातला मोबाईल काढला, शेवटी चष्मासुद्धा काढला (हसू नका). आकडा तोच.

मग आठवलं, काल मित्राकडे नान-खलिया (नान अन् मटणाचा रस्सा) होता. संभाजीनगरात राहून त्याला नाही म्हणणारा माणूस मला तरी भेटला नाही.

पण दीड किलो चरबी चढायला साधारण ११,५०० कॅलरी जास्तीच्या लागतात. मी खादाड आहे, इतका नाही. हे पाणी आहे. थोडं रश्श्यातल्या मिठानं धरलेलं, थोडं नानमुळं. पिठाचं ग्लायकोजेन (अंगात साठवून ठेवलेली साखर) होऊन साठतं, त्याच्या दर ग्रॅमला सुमारे ३ ग्रॅम पाणी चिकटतं. वजन कमी करायला घेतलं तेव्हा पहिल्या आठवड्यात झरझर उतरलेले दोन किलोही बरेचसे हेच पाणी असणार. तेव्हा मात्र मी गल्लीत पेढे वाटायचेच बाकी होते.

तीन आठवडे ७७ वर अडकलोय त्याचं कारण वेगळं. अंग हलकं झालं की त्याला लागतंही कमी. शिवाय येता-जाता तोंडात टाकलेले शेंगदाणे मी मोजतच नव्हतो.

आता रोजचा आकडा वहीत लिहून आठवड्याची सरासरी काढतोय.

माय म्हणाली, "भाकर अर्धी केलीस, तोंड वाळलं, अन् हा म्हणतो वाढलास? इकून टाक त्याला."