देरूता: कथलाचा पांढरा रंग आणि आईचा रांगोळीचा कागद

आधी कामाचं सांगते. इटलीच्या उंब्रिया भागातलं देरूता हे मायोलिकाचं, म्हणजे रंगवलेल्या मातीच्या भांड्यांचं गाव पेरूजा शहराच्या दक्षिणेला साधारण पंधरा किलोमीटरवर आहे. आम्ही, म्हणजे मी आणि आई, बसने गेलो. बस मोजक्याच असतात, त्यामुळे परतीची वेळ सकाळीच बघून ठेवा आणि शक्यतो रविवार टाळा. वर टेकडीवर जुनं गाव आणि म्युझियम, खाली व्हिया तिबेरिना नावाच्या रस्त्यावर दुकानं नि कारखाने. दुपारी एकच्या सुमाराला शटर खाली येतात ती साडेतीन-चारपर्यंत वर जात नाहीत. पुण्याच्या माणसाला हे सांगायची गरज नाही म्हणा.

आधी म्युझियम बघा, मग कारखाना. आम्ही उलटं केलं आणि पस्तावलो. जुन्या फ्रान्सिस्कन मठात भरवलेल्या या संग्रहात सोळाव्या शतकातली मोठी ताटं आहेत. मधोमध एखाद्या सुंदरीचा चेहरा, बाजूने तिच्या नावाची फीत आणि सगळ्यावर सोनेरी झाक. ती झाक सोन्याची नाही. धुराने कोंडलेल्या भट्टीत तिसऱ्यांदा भाजून आणलेली आहे. हे डोळ्यांत साठवून गेलात, की कारखान्यातली मंडळी कुणाशी स्पर्धा करताहेत ते कळतं.

आम्ही गेलो तो कारखाना घरगुती, बाप-लेकीचा. आठवडाभर आधी ईमेल करून वेळ घेतली होती, तुम्हीही तसंच करा. बाबा सत्तरीचे, इंग्रजी शून्य. लेक मिलानला डिझाइन शिकून परत आलेली, दुभाषाचं काम तिच्याकडे.

आपण अशा सगळ्याच भांड्यांना चिनीमाती म्हणून मोकळे होतो, पण मायोलिका म्हणजे चिनीमाती नव्हे. ही साधी लालसर माती. हजार अंशांच्या आसपास एकदा भाजायची आणि मग पांढऱ्या ग्लेझच्या, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा चमकणाऱ्या लेपाच्या बादलीत दोन-तीन सेकंद बुडवून काढायची. पांढरेपणा येतो कथलामुळे. हो, आपल्या कल्हईचंच कथील. आपल्याकडे ते पितळेला आतून लावतात, इथे त्याचं ऑक्साइड मातीचा रंग झाकतं. ग्लेझ सुकला की पिठासारखा होतो आणि या कच्च्या पिठावरच रंगवायचं. त्यानंतर थोड्या कमी आचेवर दुसरी भाजणी.

नक्षी उतरवायला लेकीने एक कागद काढला. त्याला सुईने टोचून बारीक भोकं पाडलेली. तो ग्लेझ सुकलेल्या मातीच्या फरशीवर ठेवून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून हलकेच आपटली, कागद उचलला, तर खाली ठिपक्यांची नक्षी. आई एकदम म्हणाली, "अगं, हा तर आपला रांगोळीचा कागद!" तिने उदबत्तीने भोकं पाडून कागद कसे बनवायचे ते हातवारे करून सांगितलं. भाषांतर व्हायच्या आधीच बाबा हसायला लागले होते. ते याला स्पोल्व्हेरो म्हणतात.

मग आम्हाला एकेक फरशी रंगवायला दिली. सुकलेल्या चुन्यावर शाईचा थेंब टाकून बघा, अगदी तसंच होतं. रंग टेकताक्षणी आत शोषला जातो आणि खोडता येत नाही. माझा कुंचला एका पानाच्या टोकाशी थबकला आणि तिथे राखाडी ठिपका बसला. कोबाल्टचा निळा भाजण्याआधी मळकट राखाडीच दिसतो, त्यामुळे आपण काय करून ठेवलंय हेही तेव्हा कळत नाही.

बाबा रंगवतात ते राफाएलेस्को, म्हणजे पंखवाला, वेलबुट्टीत गुरफटलेला अजगरासारखा प्राणी. ताटावर बोटभरही जागा रिकामी नसते. लेक त्याच प्राण्याचा एक पंख चौपट मोठा करून काठावर अर्धा कापते, बाकी ताट कोरं सोडते. बाबांच्या मते ते ताट अजून रंगवायचं राहिलंय. मला लेकीची ताटं जास्त आवडली. त्या कोऱ्या भागातच ग्लेझची खरी मऊ चमक दिसते, बाबांच्या ताटात ती नक्षीखाली झाकून जाते. घेतलं मात्र आईने बाबांचंच ताट. "एवढे पैसे द्यायचे तर काम तरी भरपूर दिसू दे."

खरेदी करताना एकाच नक्षीची दोन ताटं शेजारी धरा. हुबेहूब सारखी असतील तर छापील समजा. हाताने काढलेली रेघ जाड-बारीक होतेच. 'दिपिंतो आ मानो' असं लिहिलं असेल तर रंगकाम हाताचं, ताटाचा आकार साच्यातला असू शकतो. जेवायला वापरणार असाल तर ग्लेझमध्ये शिसं नाही ना, हे स्पष्ट विचारा. सोनेरी झाकेचं भांडं मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. युरोपीय संघाबाहेर राहत असाल आणि एका दुकानात सत्तर युरोंच्या वर खरेदी झाली, तर कर-परतीचा फॉर्म तिथेच मागून घ्या. ताट हातातल्या बॅगेत न्या. आमचं साडीच्या घडीत बसून सुखरूप आलं.

जेवायला तोर्ता अल तेस्तो मागा. तव्यावर भाजलेली जाड रोटी, आत चीज आणि पालेभाजी. हॅम नको असेल तर 'सेंत्सा प्रोश्शुत्तो' म्हणायचं.

गावाच्या दक्षिणेला दोन-तीन किलोमीटरवर मादोन्ना देई बान्यी हे छोटं चर्च आहे. कधी उघडं असतं ते विचारूनच जा. 1657 मध्ये एका फेरीवाल्याने कपाचा तुकडा, मेरी आणि बाळाचं चित्र असलेला, इथल्या ओकच्या झाडाला बसवला आणि आजारी बायकोसाठी साकडं घातलं. ती बरी झाली. तेव्हापासून लोक नवस फेडायला मायोलिकाच्या फरशा लावत आलेत. झाडावरून पडलेला माणूस, उधळलेले बैल आणि अलीकडच्या फरशांवर चक्क मोटारींचे अपघात. आई इथे तासभर रमली, आमची परतीची बस चुकली.

आमच्या फरशा पाच आठवड्यांनी कुरियरने आल्या. भाजणीला वेळ लागतो, त्याच दिवशी हातात मिळत नाहीत. माझा तो राखाडी ठिपका आता गडद निळा झालाय. आई म्हणते दृष्ट लागू नये म्हणून बरा आहे.